साम्ब्राणीचा शनिवार

कावेरीकाठच्या समस्त डासांस अत्यंत जड अंतःकरणाने आणि पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येते की, आपले जन्माचे वैरी, कुंभकोणम्‌च्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे निवृत्त अध्यापक त्र्यंबकराव, मागल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी निवर्तले. तरी आपण सर्वांनी, नर-मादी असा भेद न करता, एक दिवस कोणालाही न चावता दुखवटा पाळावा. त्यानंतर भिंतींवर, दांडीवरच्या धोतरांवर आणि देवघराच्या कोपऱ्यात निर्धास्त बसण्यास हरकत नाही. काचेची नळी घेऊन येणारे आता कोणी उरलेले नाही.

मामा, तुम्ही असतात तर या जाहीर सूचनेतली चूक पहिल्या श्वासात काढली असतीत. ‘‘नर चावतच नाहीं, किट्टू. त्याला दुखवटा कसला सांगतोस?’’ आणि मग, चष्मा कपाळावर चढवून, ‘‘आणि हें कुठलं मराठी लिहितोस? ‘निर्धास्त’ काय, ‘समस्त’ काय! पुण्याहून मागवलंस कां?’’

पुण्याहूनच मागवलंय, मामा. तिकडचे वाचक आपल्या घरचं मराठी ऐकून हसतात, तंजावरच्या राजाच्या स्वयंपाकघरात अजून कोणी बोलतंय असं त्यांना वाटतं. म्हणून मी पुस्तकी भाषेत लिहितो. तुम्ही मात्र बोलाल ते तुमच्याच भाषेत. त्यात मी काना-मात्राही बदलणार नाही.

खरं तर तुमच्याशी बोलायचं कोणत्या नात्याने, हाच पहिला प्रश्न. आईचा भाऊ म्हणून की वर्गावरचे सर म्हणून? पन्नासचं दशक निम्मं उलटलं होतं तेव्हा मी बी.एस्सी.ला तुमच्या हाताखाली आलो, आणि हा प्रश्न तुम्ही तुमच्या पद्धतीने सोडवून टाकलात. घर कावेरीच्या अलीकडे, कॉलेज पलीकडे आणि मधे पूल. पुलाच्या मध्यापर्यंत तुम्ही मामा. मध्य ओलांडला की काखेतली छत्री हातात यायची, पाठ ताठ व्हायची, घरचं मराठी जाऊन इंग्रजी सुरू व्हायचं आणि तुम्ही सर व्हायचात. एका सकाळी तुम्ही विचारत होतात, ‘‘आईचा गुडघा कसा आहे रे? तेल लावते कां—’’ आणि तेवढ्यात मध्य आला. छत्री हातात. ‘‘मिस्टर कृष्णराव, तुम्ही काल काढलेलं बेडकाचं चित्र मी पाहिलं. बेडकाने पाहिलं तर तो तुमच्यावर फिर्याद करील.’’ आईच्या गुडघ्याचं काय झालं ते तुम्हाला संध्याकाळी, परत येताना, त्याच जागी आठवलं.

मला डॉक्टर व्हायचं होतं. तसं ते गल्लीतल्या प्रत्येक मुलाला व्हायचं होतं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजातल्या जागा मोजक्या, मागणारे सगळ्या राज्यातले. मी रात्रंदिवस पाठांतर करत होतो आणि तुम्ही झोपाळ्यावर बसून ऐकत होतात. एकदा म्हणालात, ‘‘मार्क सगळेच घेऊन येतील, किट्टू. तूं कांहीं पाहिलेलं घेऊन जा.’’

काय पाहिलेलं?

‘‘पाय,’’ तुम्ही म्हणालात.

आपल्या गावात पाय पाहायला लांब जावं लागत नसे. देवळाच्या दारात फुलांच्या माळा विकणारी, भांड्यांच्या दुकानातला कारकून, बसस्टँडवरचा हमाल. हत्तीपाय कोणाला झालाय याचं कोणाला नवल नव्हतं. तो डासामुळे होतो हे पुस्तकात होतं. पण कोणत्या घरात डास जास्त, कोणत्या घरात कमी आणि का, हे आपल्या गावापुरतं कोणीच पाहिलेलं नव्हतं. आपण पाहू, तुम्ही म्हणालात. आणि सुजलेल्या पायांच्या त्या गावात मामा-भाचे डास गोळा करायला निघाले.

नळी आठवते? काचेची, तिला रबराची नळी जोडलेली आणि मधे मलमलचा तुकडा. भिंतीवर डास दिसला की काचेचं तोंड त्याच्यावर ठेवायचं, रबराच्या टोकाने हलकेच श्वास ओढायचा, डास आत. मलमल नीट बांधली नसेल तर अगदीच आत. पहिल्याच दिवशी मी एक गिळला आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, ‘‘नोंद करा. एक नमुना विद्यार्थ्यात.’’

शनिवारी कॉलेजला सुट्टी, म्हणून शनिवार ठरला. सकाळी आधी आपली गल्ली. तंजावरच्या राज्याबरोबर आलेल्या आणि राज्य गेल्यावरही न गेलेल्या आपल्या लोकांची ओळीने घरं. मग बस धरून तिरुभुवनम्‌ला, रेशमाच्या विणकरांच्या वस्तीत. पकडलेले डास कॉलेजात न्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी उकलायचे आणि आत रोगाचे ते दोऱ्यासारखे जंत दिसतात का ते पाहायचं. डास उकलणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुढे मला टाके घालायला शिकवणारे सर्जन विचारायचे, ‘‘हात इतका स्थिर कुठून आणलास?’’ त्यांना काय सांगणार, मामा? की मी डासाचं जठर फाटू न देता बाहेर काढत असे, आणि फाटलं की कानाशी आवाज यायचा, ‘‘खून झाला. दुसरा घ्या.’’

गल्लीत पहिलं घर सोनाक्काचं. तुमची चुलत बहीण, वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. दारात पाणी शिंपडून भलीमोठी रांगोळी. आत गेलं की ओल्या फरशीचा गारवा, आणि त्यावर साम्ब्राणीचा, पुण्यात ऊद म्हणतात त्याचा, वास. निखाऱ्यावर टाकून घरभर फिरवलेला तो धूर अजून छताशी रेंगाळत असायचा. पितळी पेल्यांत वाफाळती कॉफी तयार.

‘‘ये रे त्र्यंबू, ये रे किट्टू. आधीं कॉफी घ्या. कोसू कुठें पळून जातात?’’

डासाला ती तमिळातलं ‘कोसू’ म्हणायची. गल्लीत सगळेच म्हणायचे. कॉफी घेऊन आपण टॉर्च पेटवायचो. भिंती, तसबिरींच्या मागे, पलंगाखाली, देवघरात. मिळायचा एखाद-दुसरा, तोही म्हातारा, एका पायाने अधू. पुढच्या घरी तसंच, त्याच्या पुढच्या घरीही. रांगोळी, धूर, कॉफी आणि डास नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत आपली पोटं कॉफीने डचमळायची आणि बाटल्या रिकाम्या.

‘‘बघ, किट्टू,’’ तुम्ही छाती भरून तो वास घ्यायचात, ‘‘हीं आपलीं घरं!’’

तिरुभुवनम्‌ला मात्र बाटल्या पुरत नसत. तिथले विणकर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात. खड्डा गार, अंधारा, ओलसर. त्यात टॉर्च मारला की भिंत काळी दिसायची. आपण आडवे होऊन, विणकराच्या मांडीशेजारून डोकं खाली घालून डास ओढायचो, आणि तो धोटा न थांबवता वरून म्हणायचा, ‘‘शिकल्या-सवरल्या माणसांना हाच धंदा उरला का? न्या, न्या, आमच्याकडे खूप आहेत. जरीच्या काठाला तेवढा धक्का लावू नका.’’

महिने गेले. आकडे असे सुंदर निघाले की तुमची झोप उडाली. एकीकडे खड्डे आणि डासांची झुंबड. दुसरीकडे खड्डे नाहीत आणि डासही नाहीत. मागाचा खड्डा हेच डासांचं घर आणि हत्तीपायाचं मूळ! इतक्या वर्षांच्या मास्तरकीत तुमचा एकही निबंध कुठे छापून आला नव्हता. मद्रासला विज्ञान-परिषद भरायची होती, तिथे हा वाचायचं ठरलं. परिषदेने होकार कळवला. त्या दिवशी तुम्ही पुलाच्या अलीकडेच सर झालात आणि घरी येईपर्यंत सरच राहिलात. बंद गळ्याचा काळा कोट शिवायला टाकलात. मामी म्हणाली, ‘‘लग्नांतसुद्धां कोट घातला नव्हता हो यांनीं.’’ आरोग्य खात्यातले एक अधिकारी तर इतके खूश झाले की वस्तीतले सगळे खड्डे बुजवायचा हुकूम काढू, असं तुम्हाला सांगून गेले. विणकर मग पाय कुठे ठेवणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्या आनंदात आपणही विचारलं नाही.

आता मी प्रवेश करतो, मामा. मागे मृदंग वाजतोय असं समजा.

त्या शनिवारी तंजावरला एक सिनेमा लागला होता. मित्रांचा बेत पक्का. तुम्हाला परवानगी मागण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी एक नामी युक्ती काढली. गल्लीचं काम गुरुवारी सकाळीच उरकून टाकायचं. डासांना वार थोडाच कळतो?

सोनाक्काच्या दारात रांगोळी होती, पण घाईत काढलेली. मी हाक न मारता आत गेलो. सोनाक्का केस मोकळे सोडून, तेल थापून, रगड्यावर इडलीचं पीठ वाटत बसलेली. दांडीवर घरातल्या सगळ्या पुरुषांची धोतरं आणि तिचं लुगडं. साम्ब्राणीचा पत्ता नाही. मी टॉर्च मारला. धोतराच्या घडीघडीत डास. तसबिरींच्या मागे डास. देवघरात विठोबाच्या मागे, रखुमाईच्या मागे, समईच्या मागे डास. मी नळी लावली आणि ओढत सुटलो.

तेवढ्यात तिने मला पाहिलं. दोन्ही हात पिठाचे, तसेच कपाळाला लावून ती ओरडली—

‘‘सांगून यायचं नाहीं कां रे, किट्टू!’’

‘‘काय झालं, सोनाक्का?’’

‘‘काय झालं म्हणतोस? आज शनिवार कां? शनिवारीं येणार म्हणून शुक्रवारपासून घर धुतें. कपडे काढतें. पहाटे साम्ब्राणी घालून एकेक कोसू टॉवेलाने बडवून काढतें. त्र्यंबू शास्त्र पाहायला येतो घरीं, आणि त्याला कोसू दाखवायचे? लोक काय म्हणतील? आतां हे जे धरलेस ते सोडून दे. शनिवारीं ये, नीट ये.’’

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. गल्लीच्या टोकाला पोस्टमास्तर अय्यर राहायचे, त्यांचं घर आपल्या यादीत नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून थांबवलं. ‘‘तुम्ही शास्त्रज्ञ आहात, एक कोडं सोडवा. दर शनिवारी पहाटे सगळ्या गल्लीचे डास माझ्याच घरी का येतात?’’

सिनेमा पाहायला मी गेलो नाही. तिकीट मित्राला दिलं.

शुक्रवारी सकाळी आपण पुलावर निघालो. अलीकडे सांगितलं तर मामा रागावतील, पलीकडे सांगितलं तर सर. मी बरोबर मध्यावर थांबलो आणि सांगून टाकलं. छत्री तुमच्या काखेत नव्हती आणि हातातही नव्हती. निम्मी काढलेली, तशीच राहिली.

‘‘कपडे दांडीवर होते?’’

‘‘होते.’’

‘‘साम्ब्राणी?’’

‘‘नव्हती.’’

‘‘किती मिळाले?’’

‘‘बाटल्या भरल्या. मग मी मोजायचं सोडून दिलं.’’

‘‘मोजायचं सोडून दिलंत?’’ छत्री हातात आली. ‘‘मिस्टर कृष्णराव! मोजायचं सोडून दिलंत?’’

तेवढंच रागावलात. मग कठड्याला टेकून खाली पाहत राहिलात. घाटावर कोणी म्हैस धूत होतं. ‘‘ते खोटं बोलले नाहींत, किट्टू,’’ तुम्ही म्हणालात, आणि म्हणालात ते मराठीत. ‘‘त्यांनीं आपला मान राखला. विणकरांना आपण कोण? म्हणून त्यांच्या घरीं आपल्याला घर दिसलं. आपल्या घरीं आपल्याला फक्त आपलं स्वागत दिसलं.’’

त्या दिवशी तुम्ही पूल ओलांडून गेलात ते मामाच. वर्गात तुम्ही मला ‘‘अरे किट्टू’’ म्हणालात आणि मागचे बाक हसले.

मी तुम्हाला गप्प बसायला सुचवलं होतं, हे तुम्ही पुढे चारचौघांत रंगवून सांगायचात. खोटं! मी गप्प बसा म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, निबंधाचं नाव बदला. धूर केला, कपडे काढले, झाडलोट केली की डास जातात, हाच शोध म्हणून वाचा. तुम्ही म्हणालात, ‘‘जातात कुठें? अय्यरांकडे. उद्यां अय्यर साम्ब्राणी घालतील तर ते कुठें जातील?’’ यावर आपण जन्मभर भांडलो. लग्नात भांडलो, बारशात भांडलो, एकदा गोविंदपुरम्‌ला भजन ऐन रंगात असताना इतक्या मोठ्याने भांडलो की टाळकऱ्यांनी टाळ थांबवले. माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्ही निबंध वाचायला हवा होतात. आता उत्तर द्या ना.

तुम्ही मात्र काम पहिल्यापासून सुरू केलंत. कोणत्या दिवशी कोणत्या घरी जायचं हे आपण ठरवायचंच नाही. चिंचोक्यांवर खुणा केल्या, डब्यात टाकले आणि मामीने न पाहता एक काढायचा. ती भाजी चिरता चिरता चिंचोका काढायची आणि म्हणायची, ‘‘सोनाक्का. बिचारी.’’ पाहुणे असे अवचित यायला लागल्यावर आपल्या घरांतही विणकरांच्या घरांइतकेच डास निघाले. तुम्ही परिषदेला नकार कळवलात. त्या अधिकाऱ्यांकडे स्वतः जाऊन सांगितलंत, खड्डे बुजवू नका. ते हळहळले. ‘‘सर, किती छान निघालं होतं!’’

‘‘छान निघालं,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘तेव्हाच मला संशय यायला हवा होता.’’

गल्लीने तुमच्याशी अबोला धरला. त्र्यंबकरावांनी आपल्या घरांत कोसू आहेत हें मद्रासपर्यंत कळवलं! एकादशीला सोनाक्का तुमच्या हातचा प्रसाद घेईना. आणि तो काळा कोट शिंप्याकडून शिवून आला, तेव्हा तो घालून जायला जागा उरली नव्हती. मामीने तो घडी घालून ट्रंकेत ठेवला. त्या घडीकडे तुम्ही पाहिलंत ते मी पाहिलं. न बोललेल्या गोष्टींत ती एक.

तो कोट मी घातला. मद्रासच्या मुलाखतीला तुम्हीच मला तो दिलात. माझ्या अंगावर तो असा लोंबत होता की आत आणखी एक उमेदवार बसला असता. टेबलापलीकडच्या मंडळींपैकी एकाने कागद पाहून ओठ मुरडले. ‘‘कुंभकोणम्?’’ आपल्या गावाचं नाव तिकडे फसवणुकीला वापरतात हे मला माहीत होतं. ‘‘संशोधन केलंय म्हणता. म्हणजे कुंभकोणम् केलंत की संशोधन?’’ सगळे हसले. मग विचारलं, ‘‘काय सापडलं?’’

‘‘एवढंच सापडलं, सर,’’ मी म्हटलं, ‘‘की आम्ही येणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.’’

आणि मी सगळं सांगितलं. खड्डे, धूर, दांडीवरची धोतरं, सोनाक्काचे पिठाचे हात. नकलांसकट. एक म्हातारे सर्जन तेवढे हसत नव्हते. त्यांनी विचारलं, ‘‘त्या घरी शनिवारी तुम्हाला काही प्यायला द्यायचे?’’

‘‘कॉफी, सर.’’

‘‘गरम?’’

‘‘वाफाळती.’’

‘‘तुम्ही दारात पाऊल टाकताच?’’

‘‘हो, सर.’’

‘‘मग पहिल्याच शनिवारी कळायला हवं होतं,’’ ते म्हणाले आणि माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मला जागा मिळाली. मार्क माझ्याहून चांगले असलेले बाहेर पुष्कळ बसले होते.

तुम्ही मला काय शिकवलंत हे मला पुढे वॉर्डात कळत गेलं. मोठे डॉक्टर फेरीला येणार म्हटलं की चादरी बदलतात, रोगी भांग पाडून बसतात आणि ‘‘कसं वाटतं?’’ म्हटलं की सगळे एका सुरात बरे असतात. बाकीचे विद्यार्थी ते लिहून घेत. मी फेरी संपल्यावर तासाभराने परत जायचो. तेव्हा खोकला ऐकू यायचा. सोबतचे म्हणत, हा कुंभकोणम्‌वाला संशयी आहे. संशय नव्हता तो. ‘‘गोळ्या रोज घेतो, डॉक्टर’’ असं रोगी म्हणतो तेव्हा तो लबाडी करत नसतो, तो माझ्यासाठी रांगोळी काढत असतो. हे ज्याला पुस्तकातून शिकावं लागतं तो रोग्यावर चिडतो. मी कधी चिडलो नाही. मला दरवेळी सोनाक्का दिसायची.

भांड्यांचे व्यापारी चेट्टियार तुम्हाला आठवत असतील. साखरेचा आजार, पायाला जखम, भरता भरेना. माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी कडक उपास, त्यामुळे तपासणी नेहमी उत्तम. मी माझ्या तंजावरच्या दवाखान्याच्या खणातला डबा उघडला. हो, मामा, चिंचोके तिथेही आहेत. निघाला शुक्रवार. शुक्रवारी त्यांच्या दुकानात उभा राहिलो तर एका हातात पाक गळणारी जांगरी, दुसऱ्या हातात जांगरी. ‘‘डॉक्टर!’’ ते तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, ‘‘ही गिऱ्हाइकाची आहे.’’ त्यांचा पाय वाचला. तो तुम्ही वाचवलात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी तुम्हाला पितळेची समई पाठवली आणि तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही ती कशाबद्दल. तर ती जांगरीबद्दल.

चिंचोके मी सगळ्यांसाठी काढले. तुमच्यासाठी काढले नाहीत. मामाच्या घरी कोणी चिंचोका काढून जातं का? तंजावरहून दर शनिवारी सकाळी यायचो. तुम्हीच तो वार दिला होतात. ‘‘शनिवारींच ये. आपला वार आहे.’’

तुमचं हृदय थकलंय हे मला माहीत होतं. औषधं मीच दिली होती. पाण्याची सूज उतरायची गोळी रोज घ्यायची, असं बजावून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होतीत. शनिवारी यावं तर तुम्ही आरामखुर्चीत ताठ, दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा सदरा. पाय पाहिले तर सूज नाहीच म्हणा. ‘‘कसं वाटतं?’’ ‘‘मला काय होतंय!’’ आणि खोलीत साम्ब्राणीचा तो वास. मी तो छाती भरून घ्यायचो आणि पुन्हा बी.एस्सी.चा विद्यार्थी व्हायचो. वाटायचं, मामांनी माझ्यासाठी जुना शनिवार मांडून ठेवलाय. मामी दारात पाऊल टाकताच कॉफी आणायची. वाफाळती.

ते म्हातारे सर्जन आता हयात नाहीत हे माझं नशीब.

परवा दहाव्याचं आटोपल्यावर मामीने सगळं सांगितलं. ती गोळी घेतली की सारखं लघवीला परसात जावं लागायचं, म्हणून आठवडाभर तुम्ही ती घ्यायचाच नाहीत. गुरुवार-शुक्रवार मात्र नेमाने, जरा जास्तच. शनिवारपर्यंत पाय उतरायचे. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून आरामखुर्ची. खोलीत आजाऱ्याचा वास येऊ नये म्हणून पहाटे साम्ब्राणी. ‘‘मीं म्हटलं, किट्टूला सांगा,’’ मामी पदराने डोळे पुसत म्हणाली. ‘‘तर म्हणाले, तो एवढ्या लांबून येतो. त्याला काय सूज दाखवायची?’’

मी रडलो, आणि नंतर इतका हसलो की मामी घाबरली. जगात मला फसवू शकेल असा एकच माणूस होता. त्याला काय लपवायचं आणि कोणत्या वारी, हे पुरतं माहीत होतं. तुम्ही आकडे बिघडवलेत, सर! मोजून मापून बिघडवलेत. आणि मी नोंद करत राहिलो, प्रकृती उत्तम.

पण तुम्ही लपवता, एवढं मला मामीने सांगायच्या आधीच कळलं होतं. काही महिन्यांपूर्वी एका बुधवारी मी कुंभकोणम्‌जवळ चोळपुरम्‌ला एका रोग्याला पाहायला गेलो होतो. परतताना गाडी आपसूक गल्लीकडे वळली. त्या दिवसामुळे तुम्हाला इस्पितळात नेता आलं, तुम्ही आणखी एक पोंगल पाहिलात, उसाचं कांडं माझ्याकडून सोलून घेतलंत आणि निबंधावरून दोनदा भांडलात. तेवढं माझ्या पदरात पडलं, त्यावर मी समाधानी आहे. ‘तुमच्यामुळे डॉक्टर झालो’ असं एकदा म्हणायचं होतं, ते मात्र राहिलं. म्हणायला लागलो की आपण भांडायला लागायचो.

त्या बुधवारी दार उघडंच होतं. मी हाक मारली नाही. दांडीवर धोतरं होती. साम्ब्राणीचा वास नव्हता. तुम्ही पलंगावर उशांच्या चळतीला टेकून बसला होतात, दाढीचे खुंट पांढरे, तोंड उघडं टाकून श्वास ओढत. पाय पांघरुणाबाहेर होते. घोट्याचं हाड दिसेनासं होईल इतके सुजलेले, तकतकीत. उजव्या पोटरीवर एक डास बसला होता, मादीच. तिला हाकलायचंही त्राण तुमच्यात नव्हतं.

मी पलंगाशी जाऊन उभा राहिलो. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत आणि आधी घाईघाईने पाय पांघरुणात ओढायला गेलात. ते ओढले गेले नाहीत. मग दोन्ही हात कपाळाला लावून, उरलासुरला सगळा श्वास एकवटून, तुम्ही ओरडलात—

‘‘सांगून यायचं नाहीं कां रे, किट्टू!’’